एक वर्ग आणि दोन भाषा

कर्णबधिर व ऐकणारी मुले एकाच वर्गात बसवून त्यांना खूणभाषा आणि बोलभाषा या दोहोंतून शिकविण्याचा जो प्रयोग हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झाला, तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. वर्गात सुमारे ६-७ मुले कर्णबधिर, २० हून अधिक ऐकणारी. आणि अनेक तासांना दोन शिक्षक, त्यांपैकी एक स्वतः कर्णबधिर. टँग, लॅम व यिऊ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात हाँगकाँगची खूणभाषा, कँटनी आणि लिखित चिनी या तिन्हींतील मुलांच्या प्रगतीत अनुकूल सहसंबंध दाखविला आहे. खुणांमुळे वाचा खुंटते, ही १८८० च्या मिलान परिषदेपासून रूढ झालेली समजूत त्याने बरीच ढिली होते, यात शंका नाही. (आपला ‘मूकबधिर’ हा जोडशब्दही त्याच समजुतीच्या कुळातला.) तथापि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. ज्याची स्मरणशक्ती व घरचे वातावरण चांगले, ते मूल तिन्हींत पुढे असणारच. खूणभाषा बाधक नाही, एवढेच यावरून म्हणता येईल; ती इतर दोहोंना पोसते, हे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे.

प्रस्तुत लेखकास या प्रयोगाचे खरे मर्म त्या कर्णबधिर शिक्षकात दिसते. बहुसंख्य कर्णबधिर मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. त्यामुळे जी भाषा इतरांना आईकडून मिळते, ती या मुलांना शाळेत मिळते, मिळाली तर. तो शिक्षक वगळून उरलेल्यास ‘द्वैभाषिक’ म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. ऐकणारा शिक्षक बोलता बोलता हात चालवू लागतो, हा धोका अशा कोणत्याही वर्गात आहे. भारतीय खूणभाषेत प्रश्नवाचक खूण सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. ‘तू काल काय खाल्लेस?’ या मराठी वाक्यात ‘काय’ क्रियापदाच्या आधी असते. तोंडाने मराठी चालू असली, की ती खूण मराठीच्या जागी येऊन पडते, आणि भुवया व चेहरा यांनी व्यक्त होणारे व्याकरण बोलण्याच्या भरात गळते. मुलासमोर येते ती एकच भाषा, मराठी, आणि तीही तुटक. खूणभाषेला स्वतःची रचना असते, हे स्टोको यांनी १९६० साली दाखविल्यानंतरही ही गल्लत चालूच आहे.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय खूणभाषेचे देशभर प्रमाणीकरण करून तीत अभ्याससाहित्य तयार करण्याचे ठरविले, ते कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने ती माध्यमिक स्तरावर भाषाविषय म्हणून घेतली, हे स्वागतार्हच. परंतु ऐच्छिक विषय म्हणजे वर्गाची भाषा नव्हे. हाँगकाँगच्या वर्गातील ती २० ऐकणारी मुले, ज्यांच्याशी मधल्या सुट्टीत खुणांनी भांडता येते, त्या धोरणाच्या वाक्यात कोठेच बसत नाहीत. आणि कर्णबधिर शिक्षक कोठून येणार, याचा उल्लेखही त्या वाक्यात नाही.