डोंगर दिसतो, छावणी दिसत नाही

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या 'माउंट विल्यमसन' या १९४४ सालच्या कृष्णधवल छायाचित्रापुढे आपण थबकतो. पुढे प्रचंड शिळांचा पसारा, मागे सिएरा नेवाडाची शिखरे आणि ढगांतून उतरणारा प्रकाश. माणूस कुठेच नाही. निसर्गापुढे नतमस्तक व्हावे, असेच हे चित्र.

पण त्याच्या पूर्ण शीर्षकात एक शब्द आहे : मॅन्झनार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. मॅन्झनार ही त्यांपैकीच एक छावणी. गुन्हा कोणताच नव्हता. वंश शत्रूचा, एवढेच पुरेसे ठरले.

अ‍ॅडम्स यांनी हे लपवले, असा आरोप आम्ही करणार नाही. या छावणीच्या चित्रणासाठीच ते १९४३ पासून तिथे जात होते. तिथल्या माणसांची छायाचित्रे त्यांनी युद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, 'बॉर्न फ्री अँड इक्वल' या पुस्तकात छापली. पुढे न्यूयॉर्कच्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या १९५५ च्या गाजलेल्या प्रदर्शनात मात्र झळकला तो हा डोंगर.

ज्यांच्याकडे निष्ठेचा पुरावा ऊठसूट मागितला जातो, त्या आम्हाला ही चौकट अस्वस्थ करते. प्रवासात आपणही घाट, किल्ले, धबधबे टिपतो. सौंदर्य टिपू नये, असे आमचे म्हणणे नाही. मात्र कॅमेऱ्याच्या पाठीमागे कोण उभे आहे, हेही एकदा वळून पाहावे.