कैलासाकडून मेरूकडे : येट्सने वाचलेला एक मराठी ग्रंथ

दोन महायुद्धांच्या दरम्यानचे आयर्लंड म्हणजे स्वतःत मिटलेला समाज, असे विधान आयरिश वाङ्मयेतिहासात वारंवार भेटते. १९२९ चा प्रकाशन-नियंत्रणाचा कायदा हा त्याचा नेहमीचा पुरावा. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. याच काळात डब्लिन ड्रामा लीगने स्ट्रिंडबर्ग व पिरांदेलो यांची नाटके रंगभूमीवर आणली, १९२८ मध्ये गेट थिएटरचा आरंभ इब्सेनच्या ‘पीअर गिंट’ने झाला, डेनिस जॉन्स्टनने जर्मन अभिव्यक्तिवादाचे तंत्र थेट आयरिश क्रांतिपुरुषाच्या कथेवर चालवून पाहिले, आणि शासनाच्याच ‘आन गूम’ योजनेतून कॉनरॅडसारखे लेखक आयरिश भाषेत आले. या युरोपीय आदानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो एका लहान प्रवाहाचा, ज्याचा उगम मराठीत आहे.

बडनेऱ्यास १८८२ मध्ये जन्मलेल्या श्रीपुरोहित स्वामींची आणि डब्ल्यू. बी. येट्सची भेट १९३१ मध्ये लंडनला झाली. येट्सच्या प्रोत्साहनाने स्वामींनी ‘ॲन इंडियन मंक’ हे आत्मचरित्र १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. १९३४ मध्ये स्वामींचे गुरू भगवान श्रीहंस यांच्या मानससरोवर-कैलास यात्रेच्या वृत्तान्ताचे इंग्रजी भाषांतर ‘द होली माउंटन’ निघाले. भाषांतर मराठीतून, प्रस्तावना येट्सची. १९३५-३६ च्या हिवाळ्यात दोघे मायोर्का बेटावर उपनिषदांच्या भाषांतरास बसले व ते १९३७ मध्ये प्रकाशित झाले. येट्सला संस्कृत येत नव्हते, मराठीही नाही. मूळ भाषेतला अर्थ स्वामींनी पुरवावा आणि इंग्रजीचा सूर येट्सने लावावा, अशी ती विभागणी होती.

येट्सच्या उत्तरकाळातील हे सारे ‘उपनिषदांचा प्रभाव’ या शीर्षकाखाली जमा करण्याची अभ्यासकांची सवय आहे. त्यामुळे मधला मराठी ग्रंथ केवळ साधनसामग्री ठरतो. वस्तुतः तो उपनिषदांच्या अंगाने लिहिलेला नाही. हंसांचे गन्तव्य कैलास असले तरी त्यांना हवे आहे दत्तात्रेयांचे दर्शन. थंडी, उपवास, बर्फातील वाटचाल ही सगुण गुरूच्या भेटीसाठी सोसलेली कष्टसाधना आहे. गुरुचरित्राचे पारायण कानावर पडलेल्या मराठी वाचकाला तिचे कुळ ओळखण्यास वेळ लागत नाही.

प्रस्तावनेत येट्सने कैलासाचे नाते पुराणप्रसिद्ध मेरूशी जोडले. ‘अ फुल मून इन मार्च’ (१९३५) या संग्रहातील बारा कवितांच्या मालिकेची अखेर ‘मेरू’ नावाच्या सुनीताने होते. त्यात मेरू आणि एव्हरेस्ट ही नावे आहेत. कैलास नाही, दत्तात्रेयही नाहीत. उरले आहेत ते बर्फाखालच्या गुहेतील तपस्वी आणि संस्कृतींच्या विनाशाचे त्यांना झालेले ज्ञान. हंसांना शिखराशी कोणीतरी भेटते, येट्सच्या तपस्व्यांना कोणीही भेटत नाही. माझ्या मते हा वगळण्याचा व्यवहार प्रस्तुत प्रकरणात ग्रहणापेक्षा अधिक बोलका आहे.

तो समजण्यासाठी पुन्हा आयर्लंडकडे यावे लागते. या मालिकेतील बऱ्याच कविता रिभ नावाच्या आयरिश साधूच्या तोंडी आहेत, आणि रिभ हा संत पॅट्रिकचा काल्पनिक टीकाकार असल्याचे येट्सनेच नमूद केले आहे. घटस्फोटबंदीविरुद्ध १९२५ मध्ये सिनेटमध्ये भाषण करणारा आणि पुढे प्रकाशन-नियंत्रणाला विरोध करणारा हा प्रॉटेस्टंट कुळातील कवी, कॅथलिक राष्ट्रकल्पनेच्या पलीकडे जाईल इतके जुने आयर्लंड शोधत होता. त्याला आशियाशी जोडलेला प्राचीन ख्रिस्तधर्म हवा होता. दुसऱ्या प्रदेशातला नवा सगुण देव त्या शोधात अडचणीचा ठरला असता. (उपनिषदांचे भाषांतर निघाले त्याच १९३७ साली नव्या आयरिश संविधानाने कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिले, हा योगायोगच, पण दुर्लक्षिण्याजोगा नव्हे.)

म्हणून येट्सवर ‘पौर्वात्यवादी’ असा शिक्का मारून थांबणे मला पुरेसे वाटत नाही. तो भारताचे चित्र रंगवीत नव्हता, घरच्या वादासाठी बाहेरून शस्त्र आणीत होता. आणि शस्त्र आणणारा त्यावरील मूळ कारागिराची मुद्रा जपतोच असे नाही. अर्थात स्वामीही निष्क्रिय दूत नव्हते. लंडनच्या वाचकासाठी आपल्या गुरूचा वृत्तान्त भाषांतरास निवडला तो त्यांनीच, आणि त्याच्या शीर्षपृष्ठावर मराठीचे नाव आहे. येट्सच्या ‘भारता’ची चर्चा त्या पृष्ठापासून सुरू केली, तर टागोर आणि उपनिषदे यांच्या जोडीने तिला दत्त संप्रदायाच्या गद्याचीही दखल घ्यावी लागेल.