झुंजारचा शब्द

रहस्यकथेस वाङ्मयाच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं, हा वाद जुनाच आहे. बाबूराव अर्नाळकर ऊर्फ चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनीं मात्र त्याच्या निकालाची वाट न पाहतां हजारांवर पुस्तकें लिहिलीं. १९९६ सालीं ते निवर्तले; त्यांचा मानसपुत्र झुंजार, ज्याच्याशीं बाळपणीं जडलेला स्नेह आजहि सुटत नाहीं, आमच्या काल्हेरच्या घरीं अद्याप तरुणच आहे.

या कथांचे दोष उघड आहेत. इंग्रजी रहस्यकथांची छाया लपत नाहीं, योगायोग पदोपदीं धांवून येतात, आणि नायक कधीं बदलत नाहीं. परंतु हा शेवटचा खरोखर दोष आहे काय? धनंजय गुन्हेगारास हुडकून कायद्याच्या हवालीं करतो; झुंजार व काळा पहाड कायद्याचा हात पोंचत नाहीं तेथें जातात. व्यवहारांत दुष्ट निसटतात व दुबळे नाडले जातात, हें ज्यानें पाहिलें, त्यास या पुनरुक्तीनेंच धीर येतो. नायक बदलता तर वाचकास दिलेला शब्द मोडता.

येथें कलेची उंची थोडी असेल. पण आयुष्यभर पुन्हां पुन्हां वाचावयास लावणारा विश्वास हाहि आमच्या मतें वाङ्मयगुणच होय.