शंभर प्राण्यांच्या रांगेत साप कुठे आहे?

हातकणंगल्यात काही विज्ञानशिक्षकांसोबत बसून आम्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेचा ‘जीनोम ब्राउझर’ संगणकावर उघडला. तो 2000 सालापासून सर्वांना मोफत खुला आहे. मानवी डीएनएखाली आणखी 99 पृष्ठवंशी प्राण्यांचे डीएनए जुळवून दाखवणारा त्यातला तक्ता वर्गात कितपत उपयोगी पडेल, हे आम्हाला पाहायचे होते.

उदाहरण घेतले सहाव्या बोटाचे. आपल्या सातव्या गुणसूत्रावर ‘झेडआरएस’ नावाचा सुमारे 800 अक्षरांचा तुकडा आहे. त्यापासून प्रथिन बनत नाही. मात्र सुमारे 10 लाख अक्षरे दूर असलेले ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक गर्भाच्या हातापायांत कोठे चालू व्हावे, हे तो ठरवतो. त्यातले एखादे मोक्याचे अक्षर बदलले, तरी अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकते. मानवापासून माशांपर्यंत टिकून राहिलेला हा तुकडा पडद्यावर लगेच उठून दिसतो. उपयोगी ते उत्क्रांतीत टिकते, हे शिकवायला याहून सोपे चित्र आम्हाला ठाऊक नाही.

मग एका शिक्षकांनी विचारले, “सापाला पाय नाहीत. त्याच्यात हा तुकडा कसा आहे?” आम्ही शोधले. तक्त्यात 62 सस्तन, 14 पक्षी आणि 16 मासे आहेत. उभयचरांपैकी बेडूक एकटाच, आणि साप एकही नाही! उत्तर मिळाले ते 2016 सालच्या प्रयोगातून. उंदरातला हा तुकडा काढून त्या जागी सापाचा बसवला, तेव्हा पाय खुरटले. माणसाचा बसवला, तेव्हा पाय नीट वाढले. सापाच्या तुकड्यातून 17 अक्षरे गळालेली होती.

तक्त्यात आणखी दोन उणिवा आहेत. सारी जुळणी मानवाला प्रमाण धरून केलेली असल्याने, जे माणसात नाही ते दिसतच नाही. शिवाय माणूस वर आणि मासे खाली, ही मांडणी केवळ नात्याची जवळीक दाखवते. विद्यार्थी तिला प्रगतीची शिडी समजतो. रिकामी जागा दिसली की ‘जनुक नष्ट झाले’ असेही तो लिहितो. प्रत्यक्षात तेथला क्रम वाचलाच गेलेला नसेल.

तरीही हे साधन वर्गात जरूर वापरावे. मात्र पडद्यावर काय दिसते याच्या आधी तेथे कोण नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. तक्ता कोठे पाहायचे ते सांगतो. का, ते प्रयोगच सांगतो.