स्वर बरोबर, सूर?

'बेसूर' हा शब्द आपण सहज वापरतो. 'बेस्वर' कुणी म्हणत नाही. उलट 'स्वरलिपी' म्हणतो, 'सूरलिपी' नाही. सूर हा स्वरचाच तद्भव, आणि 'सात स्वर', 'सात सूर' दोन्ही चालतात. तरी काही ठिकाणी भाषा त्यांची अदलाबदल होऊ देत नाही. गाण्याबद्दल लिहिणाऱ्यांनी तिचं ऐकावं, असं मला वाटतं.

स्वराला नाव असतं, जागा असते. तो कागदावर उतरवता येतो. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांत 'ग'खाली आडवी रेघ दिली, की तो कोमल गंधार. या साध्या खुणांमुळे घराण्यांनी जपून ठेवलेल्या कितीतरी बंदिशी सर्वांच्या हाती आल्या. पण दरबारीचा गंधार आणि जौनपुरीचा गंधार, दोघांखाली तीच रेघ. गाताना मात्र दरबारीतला गंधार किंचित खाली राहून संथ डोलतो. तो जौनपुरीसारखा सरळ लावला, तर स्वर चुकला असं म्हणता येणार नाही. पण दरबारी उरणार नाही. ती रेघ जे सांगू शकत नाही, त्याला मी सूर म्हणतो. म्हणूनच सूर 'लागतो' किंवा लागत नाही.

हा वाद जुना आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. पेटीची प्रत्येक पट्टी एका जागी पक्की. दोन पट्ट्यांमधली मींड तिच्यावर निघत नाही, हा त्यातला एक मोठा आक्षेप होता. तरी पेटी गळ्याच्या शेजारी बसायची. आजचं ऑटोट्यून थेट गळ्यात शिरतं आणि आवाजाला जवळच्या पट्टीवर ओढून बसवतं. जोरात लावलं, तर चुकीबरोबर मींड आणि आंदोलनही सपाट होतं.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐका. खरखरीतूनही ते एका स्वरावरून दुसऱ्यावर कसे सरकतात, ते कळतं. मग एखाद्या रीलखाली 'एकदम सुरात!' लिहिण्याआधी थांबा. नवा गाणारा खरंच मेहनत करत असेल, तर 'स्वर पक्के आहेत, सूर अजून लागायचाय' हे वाक्य त्याच्या जास्त उपयोगाचं आहे. रियाज कशाचा करायचा, हे त्याला त्यातून कळतं.