सलीम अलींची चिमणी आणि आपला बुलबुल

डॉ. सलीम अली हे नाव आपल्या समाजात अभिमानाने घेतले जाते. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत पक्षितज्ज्ञ कोण, असे विचारले की पाचवीचा मुलगाही हे उत्तर देतो. पण त्यांचे एखादे पुस्तक वाचलेला माणूस आपल्यात विरळाच भेटतो. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ झाला. लेखक म्हणून आपण त्यांच्याकडे पाहिलेले नाही. या लेखात तेवढेच करायचे आहे.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी व निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीत वाढवले. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र 1985 साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्या दोन वर्षे आधी आले. पुस्तकाचे नावच एका मेलेल्या चिमणीवरून आहे. खेळण्यातल्या एअरगनने लहानग्या सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असला पक्षी खाणे आपल्याला जायज आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न होता! मामांना ती चिमणी ओळखता आली नाही. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डनी पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय संग्रहातले भुसा भरलेले पक्षी एकामागून एक काढून दाखवले.

या प्रसंगात सलीम अलींच्या लेखनाचा स्वभाव सापडतो. ते स्वतःला जन्मजात पक्षिप्रेमी म्हणवून घेत नाहीत. आपण शिकार करत होतो, शाळेत हुशार नव्हतो, ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात यश आले नाही, हे सारे ते मिस्कीलपणे आणि रडगाणे न गाता सांगतात. थोरांची चरित्रे पाळण्यापासूनच थोर असलेली वाचायची आपल्याला सवय आहे. त्या सवयीला हे पुस्तक चांगला धक्का देते.

त्यांच्या निरीक्षणाचा कस लागला तो किहीमला. जर्मनीत प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून 1930 साली ते परतले, तेव्हा हाती नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या या गावी राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्याच्या खोप्यांवर नजर ठेवून बसले. त्यांना दिसले ते असे : खोपा विणतो तो नर. माद्या अर्धवट विणलेले खोपे पाहत फिरतात. एखादीला खोपा पसंत पडला की ती तिथे संसार मांडते, आणि नर पुढचा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी!

मराठी वाचकाला इथे बहिणाबाईंची सुगरणीवरची कविता आठवणारच. तिथे खोप्याची कारागिरी आईच्या मायेची आहे. मग कविता खोटी ठरली काय? माझ्या मते नाही. चोचीने विणलेल्या त्या घराकडे बहिणाबाईंनीही डोळे भरून पाहिले होते. विणणारा कोण, एवढेच त्यांनी आपल्या अनुभवातून भरले. दोघांचे पाहणे खरे आहे. अडचण होते ती न पाहता लिहिणाऱ्यांची. गाणारी कोकिळा हाही मराठी कवितेचा असाच जुना हट्ट. 'कुहू' करतो तो काळा नर असतो.

उर्दूचे दुखणे याहून जुने आहे. आमच्या शायरीतला बुलबुल इराणी आहे. गुलाबाच्या झाडावर रात्री गाणारा तो पक्षी मुंबईत राहत नाही. इथला बुलबुल वेगळा : डोक्यावर तुरा, शेपटीखाली लाल, दिवसाउजेडी फळे आणि किडे खाणारा. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. करी रोडच्या आसपासची माझी मुले बुलबुलवरचा शेर अर्थासह पाठ म्हणतात. पण खिडकीबाहेरच्या फांदीवरच्या लालबुड्याचे नाव विचारले तर 'चिडिया' म्हणून मोकळी होतात. घार, कावळा, कबुतर यांपुढे त्यांची यादी जात नाही. भर उन्हात 'टुक टुक' करणारा तांबट ती रोज ऐकतात. त्याला मराठीने कारागिराचे नाव दिले आहे हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. मुलांना कुतूहल आहे, शब्द नाहीत. पाठ्यपुस्तकातला पक्षी आणि खिडकीतला पक्षी यांची भेट घालून देणे हे शिक्षकाचे आणि लेखकाचेही काम आहे.

सलीम अलींच्या लेखनाला मर्यादाही आहेत. ते खानदानी, सुखवस्तू घरातले. त्यांच्या पुस्तकात मुसलमानांची बैठी घरे, गिरण्यांच्या चाळी फारशा दिसत नाहीत. तेहमिना 1939 साली गेल्या. त्यांच्याविषयी आणखी वाचावेसे वाटते. आणि हे सारे इंग्रजीत आहे. 1941 सालच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'ने हजारो लोकांना पक्षी पाहायला शिकवले. पण ज्यांना इंग्रजी येत होते त्यांनाच.

मराठीत ही उणीव मारुती चितमपल्ली यांनी मोठ्या प्रमाणात भरून काढली. सोलापूरच्या तेलुगू भाषक घरातला हा वनाधिकारी आदिवासींकडून, कोळ्यांकडून, पारध्यांकडून शब्द गोळा करत राहिला. त्यातून 'पक्षिकोश' उभा राहिला. 2006 साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 साली त्यांचे निधन झाले. घरी एक भाषा आणि लेखनाची दुसरी, ही त्यांची स्थिती आपल्या ओळखीचीच आहे. तिचे त्यांनी भांडवल केले.

मुस्लिम मराठी लेखनात मोहल्ला आला, तलाक आला, दंगल आली. ते यायलाच हवे होते. पण मोहल्ल्यातले पिंपळाचे झाड, मशिदीच्या मिनारावरची घार, कोकणातल्या खाडीवरचे बगळे आपल्या कथा-कवितांत किती आले? निसर्ग हा निवांत माणसांचा विषय, असे आपण मानत आलो. किहीमला खोप्यांखाली बसलेला माणूस त्या वेळी बेरोजगार होता, हे विसरू नये. सलीम अलींचा अभिमान बाळगायचा असेल तर त्यांची पुस्तके ग्रंथालयातून आणून मुलांच्या हाती द्यावीत, आणि मुलाने 'हा कुठला पक्षी?' असे विचारले तर मिलार्डसारखे कपाट उघडावे. कपाट नसेल तर निदान खिडकी.