पाटावर कोण बसलंय?

वाशी म्हटलं की लोक नवी मुंबईचं स्टेशन समजतात. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, भूमच्या शेजारची. तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी माहीत असतं, बाकी आम्हाला कुणी ओळखत नाही. आमच्याकडे थिएटरात सिनेमा बघणं म्हणजे बार्शी नाहीतर धाराशिव गाठणं, त्यामुळे बहुतेक सिनेमे मोबाईलवर. हे आधीच सांगते, कारण खाली जी मतं येणार आहेत ती सहा इंचाच्या पडद्यावर, बाजूला कुकरच्या शिट्ट्या होत असताना बनलेली आहेत. अपवाद एका सिनेमाचा, त्याबद्दल पुढे येईलच.

हल्लीच्या पाहण्यात ‘दशावतार’ होता. दिलीप प्रभावळकरांसाठी तिकीट वसूल, एवढंच म्हणून मी पुढे जाते. लिहावंसं वाटलं ते तीन सिनेमांवर: ‘स्थळ’, ‘नवरदेव बीएस्सी ॲग्री’ आणि ‘साबर बोंडं’. ते एकामागोमाग ठरवून पाहिलेले नाहीत. पण तिन्हींमध्ये कुणीतरी कुणाला तरी एकच गोष्ट विचारतंय, लग्नाचं काय करायचं? आणि दर सिनेमात ज्याला विचारलं जातंय तो माणूस वेगळा आहे.

जयंत दिगंबर सोमलकरांचा ‘स्थळ’ २०२३मध्ये टोरंटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार घेऊन आला आणि आपल्याकडे थिएटरात लागायला ७ मार्च २०२५ उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, दिग्दर्शकाचं स्वतःचं गाव, आणि बहुतेक नट पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर. सुरुवातीला एक मुलगा खाली बसलाय आणि समोरच्या बायका त्याला प्रश्न विचारतायत. थोड्याच वेळात कळतं की हे सविताचं स्वप्न आहे. मग जाग येते आणि खरे पाहुणे येतात. नाव काय, शिक्षण किती, विषय कोणता, उंची किती, छंद काय. समोर पुरुषांची रांग. पाहुणे जातात, नकार येतो, दुसरे येतात. पुन्हा नाव काय, शिक्षण किती.

माझ्या ओळखीच्या दोघातिघांनी हा सिनेमा अर्ध्यात सोडला. तेच तेच दाखवतात म्हणाले. मला वाटतं, ‘स्थळ’चं सगळं काम त्या तेच तेचमध्येच आहे. पहिल्या वेळी आपण सविताकडे बघतो. दुसऱ्या वेळी पाहुण्यांवर चिडतो. तिसऱ्या वेळी मी स्वतःला एक गोष्ट करताना पकडलं. मी बघत होते की आज साडी कोणती आहे, आज ती नीट बोलते का, या वेळेस जमेल का. म्हणजे मी त्या रांगेत जाऊन बसले होते. हे करायला दिग्दर्शकाला एकही भाषण लागलं नाही आणि एकही खलनायक लागला नाही. पाहुणे वाईट माणसं नाहीत. उद्या आपल्या घरी आले तर आपण चहा ठेवू अशी आहेत. नंदिनी चिकटेने सविता केलीय, आणि ती प्रत्येक बैठकीत उत्तरं तीच देते पण आवाज किंचित बदलत जातो. इअरफोन लावून बघा, स्पीकरवर ते निसटतं.

तक्रार आहेच. वर्गात स्त्री सक्षमीकरण शिकवणारे सर या सिनेमात आहेत आणि त्यांचा धागा मला फार बेतल्यासारखा वाटला. बाकी सिनेमा नुसता बघतो, तिथे मात्र बोट दाखवतो. सविताच्या वडिलांचा कापसाचा हिशेब त्यापेक्षा कितीतरी जास्त बोलतो. कापसाच्या जागी सोयाबीन घातलं की ते आमचं घर झालं. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, आणि आडतीवर त्याच्या बराच खाली भाव सांगत होते. मुलीच्या बापाच्या डोक्यात हुंड्याचा आकडा आणि क्विंटलचा आकडा एकाच वेळी कसा चालू असतो, ते तारानाथ खिरटकरांनी नुसतं बसून दाखवलंय.

आमच्याकडे थोडा फरक आहे. सिनेमात समोर सगळे पुरुष. इकडे बायकाही येतात, आणि त्या जास्त कडक. चालून दाखव, केस सोडून दाखव. शहरातले लोक याला कांदेपोहे म्हणतात, त्यात पोह्यांचा मान जास्त वाटतो मला. इकडे सरळ ‘मुलगी दाखवायची आहे’ म्हणतात. मी आईला ‘स्थळ’ लावून दिला. ती भाजी निवडत बघत होती. मध्येच म्हणाली, “पोरगी कधीची बसलीय, तिला पाणी नको का?” या सिनेमावर मी वाचलेल्या कुठल्याच परीक्षणात हे नव्हतं.

आता दुसरी बाजू. राम खाटमोडे दिग्दर्शित ‘नवरदेव बीएस्सी ॲग्री’ २६ जानेवारी २०२४ला आला. शेतीची पदवी घेतलेला मुलगा नोकरी न धरता शेतीच करायचं ठरवतो आणि त्यापायी त्याला मुलगी मिळत नाही. क्षितीश दातेने तो छान केलाय, प्रियदर्शिनी इंदलकरही आहे. सिनेमा विनोदी अंगाने जातो आणि मुलाच्या बाजूने उभा आहे, ते त्याने लपवलेलंही नाही.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून लग्न न जमलेल्या तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. त्याच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील, खाली हसण्याच्या इमोजींचा ढीग होता. आमच्या गल्लीत तिशी ओलांडलेले किती जण आहेत ते मी मोजत नाही, कारण त्यात माझा भाऊ येतो. त्याचा बायोडाटा मीच मोबाईलवर बनवला. वर गणपती, खाली मामाचं गाव, मग शेती किती, बागायत किती. तीन वर्षांत त्यात एकच ओळ बदलली, वयाची. त्याने हा सिनेमा दोनदा पाहिलाय.

मला सिनेमा आवडला, पण एका जागी मी अडकले. मुलगी ‘शेतकरी नको’ म्हणते तेव्हा नक्की कोण बोलत असतं? मी ऐकलंय त्यात बहुतेकदा तिचा बाप बोलत असतो, आणि तो स्वतः शेतकरी असतो. जिथे मुलगी स्वतः बोलते तिथे तिने तिच्या आईचा दिवस पाहिलेला असतो. पहाटेचं शेण, मग भाकरी, मग खुरपणं, संध्याकाळी पुन्हा भाकरी, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं, तर नवऱ्याचं. तिचा नकार मुलाला कमी आणि त्या दिवसाला जास्त असतो. ‘नवरदेव’चा कॅमेरा मुलाबरोबर घराबाहेर पडतो आणि मुलाबरोबरच परत येतो. ज्या घरातून नकार आला त्या घराच्या चुलीपर्यंत तो गेला असता, तर हाच विनोद जास्त खोल लागला असता.

आणि मुली कमी का आहेत? वाशी तालुक्याला लागून बीड जिल्हा आहे. २०११च्या जनगणनेत तिथे सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. तेव्हाची ती लेकरं आता कुठे लग्नाच्या वयाला येतायत. म्हणजे मोर्चातल्या पोरांची अडचण ही सुरुवात होती.

कुणाला वाटेल, मुली कमी झाल्या तर त्यांचं चालायला लागेल. बाजारात माल कमी आला की भाव चढतो, तसं. भाव चढलाही. आता काही घरांत मुलीकडचेच अट घालतात, पुण्यात फ्लॅट पाहिजे, सरकारी नोकरी पाहिजे. पण अट घालणारा बापच, फार तर मामा. आमच्या घरी गेल्या वर्षी एक निरोप आला होता, साट्यालोट्याचा. त्यांच्या घरची मुलगी माझ्या भावाला द्यायची, आणि त्या बदल्यात मी त्यांच्या मुलाला. एका खर्चात दोन लग्नं, हुंडा कुणालाच नाही. वडील ‘विचार करू’ म्हणाले. भाऊ दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, “नाही करायचं तसलं.” मला त्याचा राग नाही. त्याचं वय मला माहीत आहे. पण ते दोन दिवस मी त्याच्या ताटात भाकरी वाढत होते, आणि तसे दोन दिवस मला ‘स्थळ’मध्येही दिसले नाहीत आणि ‘नवरदेव’मध्येही नाहीत. एक सिनेमा बहिणीचा आहे, एक भावाचा. आमच्याकडे ते दोघं एकाच घरात राहतात.

तिसरा सिनेमा त्या घरात वेगळ्याच दाराने शिरला. रोहन परशुराम कानवडेंचा ‘साबर बोंडं’ जानेवारी २०२५मध्ये सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार जिंकला आणि १९ सप्टेंबर २०२५ला आपल्याकडे लागला. त्याच आठवड्यात भूम-परंड्याकडे पावसाने शेतं वाहून नेली, तेव्हा सिनेमा कुणाच्या डोक्यात असणार! मी नंतर पुण्याला मैत्रिणीकडे गेले तेव्हा थिएटरात पाहिला. हाच तो अपवाद. बरं झालं, कारण या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. वारा, शेळ्या, लांबून येणारी माणसांची बोलणी एवढंच. मोबाईलवर एखादं नोटिफिकेशन वाजलं असतं तर अख्खा प्रसंग गेला असता.

मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. पायात चप्पल नाही, भावकीचे नियम, आणि सोबत लग्नाचा विषय. आमच्याकडेही माणूस गेला की दहाव्यालाच हिशेब सुरू होतो: वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा. आनंदला मुली नको आहेत, त्याला पुरुष आवडतात, आणि गावात त्याचा लहानपणचा बाळ्या आहे. बाळ्या शेतात राबतो, शेळ्या राखतो आणि त्यालाही लग्नासाठी घरचे मागे लागलेत. सिनेमात यापेक्षा फार काही घडत नाही. कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि माणसं त्याच्यासमोर बसतात, उठतात, झोपतात.

साबर बोंडं ज्याने खाल्लीत त्याला माहीत आहे, त्यांची बारीक कुसं नीट काढली नाहीत तर दिवसभर जीभ चरचरते. बाळ्या आनंदसाठी काटे काढून बोंडं आणतो. प्रेमाची कबुली म्हणून मी मराठी सिनेमात इतकी साधी आणि इतकी कामाची गोष्ट फार कमी वेळा पाहिलीय. भूषण मनोज आणि सूरज सुमन या दोघांनी ती कुठेही मोठी केली नाही.

आनंदच्या आईबद्दल मैत्रीण म्हणाली, “अशी आई गावाकडं असते का?” मला ती पटली. जयश्री जगतापांनी ती थोर केलेली नाही. ती सगळं समजून आहे आणि तरी नातेवाइकांसमोर वेळ मारून नेते. गावात राहून लेकराला वाचवायचं तर तोच मार्ग असतो, ती काही व्याख्यान देत बसणार नाही. माझी तक्रार बाळ्यापाशी आहे. आनंदला परत जायला मुंबई आहे. बाळ्याकडे शेळ्या आहेत आणि त्याच्या घरचे आहेत. त्या घरात कॅमेरा अजून थोडा वेळ थांबायला हवा होता. सिनेमा आनंदच्या दुःखाजवळ जितका बसतो, तितका बाळ्याच्या भीतीजवळ बसत नाही.

बाळ्याला पाहिल्यावर आधीचे दोन्ही सिनेमे मला वेगळे दिसायला लागले. गावात तिशीपार बिनलग्नाचे जे आहेत, त्यांत एखादा बाळ्या असेलच. त्याला मुलगी मिळत नाही म्हणून सगळे हळहळतात आणि तो गप्प राहतो, कारण ती हळहळच त्याची आडोशाची भिंत आहे. ‘नवरदेव’ला असला नवरदेव सुचू शकत नाही. आणि सविताला बघायला आलेल्या रांगेत, मामा-काकांच्या मध्ये मान खाली घालून बसलेला, एकही प्रश्न न विचारणारा मुलगा असला तर? आपण त्याला लाजाळू म्हटलं असतं. उद्या हे स्थळ जमलं तर सविताचं काय आणि त्याचं काय, हा सिनेमा अजून कुणी केला असेल तर मला सांगा.

एक गोष्ट या तिन्हींत नाही, ती म्हणजे कोयता. आमच्या तालुक्यातून, भूममधून, सगळ्या बीडमधून दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून माणसं ऊस तोडायला जातात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला धड काम नाही, म्हणून पोराचं लग्न लवकर, आणि वयात आलेली पोरगी मागे कुणाकडे ठेवायची म्हणून तिचंही लवकर. तिथे नाव काय, छंद काय असलं कुणी विचारत नाही. ‘स्थळ’सारखा धीर असलेल्या दिग्दर्शकाने हे करावं. मोठे नट घेऊन, शेवटी गाणं टाकून करणार असतील तर राहू द्या.

भावाने ‘साबर बोंडं’ पाहिलेला नाही. गोष्ट काय आहे तेवढं मी सांगितलं. तो बराच वेळ मोटारीचा पाईप गुंडाळत राहिला. मग म्हणाला, हरभरा निघू दे, मोबाईलवर आला की बघतो.